सु आणि उ

मोजायची टेप शोधताना मला तो खोका सापडला. टेप नवऱ्याला हवी होती, कारण त्याला बाल्कनी मोजायची होती, आणि बाल्कनी मोजायची होती कारण ती काचेनं बंद करून तिथं कपडे धुण्याचं मशीन ठेवायचं त्याच्या मनात आलं होतं. त्याच्या मनात सहसा काही येत नाही. आलं की मात्र हलत नाही.

"आईच्या कॉटखाली बघ," तो बाहेरून ओरडला. "तिथं सगळं असतं."

सासूबाईंच्या कॉटखाली खरंच सगळं होतं, टेप सोडून. लोकरीच्या गोळ्यांची पिशवी, मूठ तुटलेली छत्री, एकाच पायाची जुनी चप्पल, आणि अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवलेला बुटांचा जुना खोका. मी पोटावर झोपून तो ओढला. इतका हलका होता की रिकामा वाटला. उघडला तर आत अकरा पुड्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या, लोकरीच्या तुकड्यानं बांधलेल्या, आणि प्रत्येकीवर बोथट पेन्सिलीनं एकच अक्षर. सात पुड्यांवर 'सु'. चार पुड्यांवर 'उ'.

एक सोडून बघितली. आत कंद होता.

"सापडली का?" नवरा दारात आला.

"टेप नाही. आईंचे कंद सापडले."

"अरे वा," तो म्हणाला, अशा सुरात की त्याला दुसरंच काही सापडायला हवं होतं. "मग ताईकडे पाठवून देऊ. आता आई तिकडेच राहणार म्हणते ना ताई."

हे 'राहणार म्हणते ना ताई' गेले पंधरा दिवस आमच्या घरात फिरत होतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या महिनाभरासाठी लेकीकडे गेल्या, कारण नणंदेचं घर तळमजल्यावर आणि आमचं तिसऱ्या मजल्यावर. महिन्याचे तीन झाले. गुडघा वळायला लागला, त्या चालायला लागल्या, आणि नणंद फोनवर म्हणायला लागली, "आईला इथंच करमतंय बाई. तू आता मोकळी झालीस." मोकळी! सव्वीस वर्षं ज्या बाईनं मला पडदे कुठल्या बाजूनं ओढायचे ते शिकवलं, ती नसताना मी पडदे ओढायला गेले की हात मध्येच थांबायचा. कोणी ओरडत का नाही, म्हणून.

सासूबाई स्वतः काहीच म्हणत नव्हत्या. त्यांना फोनवर कमी ऐकू येतं, त्यामुळे नणंद फोन मोठ्या आवाजावर टाकायची आणि आईच्या वतीनं सगळी उत्तरं स्वतःच द्यायची. फक्त शेवटी एक प्रश्न सासूबाई जिवाच्या आकांतानं विचारायच्या, फोन लांब असल्यासारखा. "बाल्कनी कशी आहे?"

मी कशी आहे, त्यांचा लेक कसा आहे, हे नाही. बाल्कनी. आणि मी सांगायचे, "आहे. कपडे वाळत घातलेत."

आता ही बाल्कनी म्हणजे काय, तर जेमतेम दोन मीटर बाय तीन मीटर. कठड्याला धरून सिमेंटचा एक लांबट हौद बांधलेला आहे मातीसाठी, घर बांधणाऱ्यानंच. तो सासूबाईंचा. त्याच्या पुढ्यात दहा-बारा कुंड्या, त्याही त्यांच्याच. माझ्याकडे वरची दोरी. लग्न झालं त्याच वर्षी मी एकदा त्यांच्या राज्यात पाऊल टाकलं होतं. पानं पिवळी पडून गळून गेलेली, कुंड्या उघड्याबोडक्या, त्या आठवडाभर गावाला गेलेल्या. मला वाटलं, बिचारी झाडं, कोणी विचारत नाही. रोज मगभर पाणी घातलं. त्या परत आल्या, एका कुंडीत बोट खुपसलं, आणि बोटाला जे लागलं त्याचा वास मला अजून आठवतो. सगळे कंद कुजून लगदा.

"झोपलेल्याच्या तोंडात कोणी पाणी ओततं का?" एवढंच बोलल्या. मग माझा हात हातात घेऊन उलटापालटा करून बघितला, भाजी बघावी तसा, आणि निकाल दिला. "जड आहे."

त्यानंतर सव्वीस वर्षं मी बाल्कनीत फक्त वर बघितलं.

तर त्या दिवशी फरशीवर बसल्या बसल्या मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, बाल्कनी बंद झाली की सासूबाई परत येणार नाहीत. माझ्यासाठी त्या येतील इतकी मी भोळी नव्हते. लेकाचं तोंड त्यांना रोज फोनवर दिसत होतं. त्या आल्या असत्या तर त्या सिमेंटच्या हौदासाठी. आणि दुसरी गोष्ट, जी कळायला जरा अवघड गेली, ती म्हणजे मला त्या परत यायला हव्या होत्या.

"दोन महिने थांब," मी नवऱ्याला म्हटलं. "मी हे लावते. काही उगवलं नाही तर लाव काच."

"तू लावणार?" त्यानं माझ्या हातांकडे बघितलं. कुटुंबात गोष्टी पसरतात.

"मीच."

"आईला विचार तरी."

"विचारायचं नाही. तूही बोलायचं नाहीस. उगवलं की सांगू."

"आणि नाही उगवलं तर?"

"मग तुझं मशीन आहेच की!"

यावर तो खूश झाला आणि टेप शोधायला गेला. ती त्याच्याच खिशात होती.

आता प्रश्न अक्षरांचा. सासूबाई उगाच काही करणाऱ्यातल्या नाहीत. अकरा पुड्यांवर दोन वेगवेगळी अक्षरं घातली म्हणजे त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. मी पुड्या जेवणाच्या टेबलावर दोन रांगांत मांडल्या. 'सु'मध्ये तऱ्हेतऱ्हेचे होते. कांद्याएवढा एक थोराड, त्याला मानही होती. चपट्या पेढ्यासारखे चार, सालीच्या आत साल असलेले. लसणाच्या पाकळ्यांसारखे बारके दोन पुड्या भरून. 'उ' मात्र चारही एका जातीचे. चपटे, काळपट, वेडेवाकडे, एका अंगाला गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाला गाठी गाठी. आल्याचा तुकडा कोणी पायाखाली घेतल्यासारखे.

"सु म्हणजे सुगंधी," नवरा म्हणाला.

"मग उ म्हणजे?"

"उ... उग्र."

मी दुकानातही हाच विषय काढला. एकोणीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात आहे. फ्रेम बसवणं, कानामागची दांडी वाकवणं, नाकावरची चिमटी सैल करणं, आणि मालक जेवायला गेले की लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणं. मालकांनी विचार केला. म्हणाले, "उ म्हणजे उन्हात ठेवायचे. सु म्हणजे सावलीत."

"सावलीत म्हणजे सा होईल."

"मग सुमार ऊन," मालक म्हणाले. मालक हार मानत नाहीत.

उंच आणि सुटसुटीत. उशिरा आणि सुरुवातीला. मी भाजी चिरताना, दांड्या वाकवताना, आंघोळ करताना जोड्या लावत होते. आणि मग एका सकाळी सासूबाईंच्या कपाटातून नवऱ्याचा स्वेटर काढायला गेले, तेव्हा दार उघडल्या उघडल्या उत्तर समोर चिकटवलेलं होतं. कपाटाच्या दाराला आतून, टाचणीनं, त्यांचे विणकामाचे नमुने. 'दोन सु, दोन उ, दहा ओळी.' 'एक उ, तीन सु, कडेला सु.' सुलट आणि उलट! त्या बाईनं आयुष्यभर लिहिलं काही असेल तर हीच दोन अक्षरं. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर ती घातली आहेत त्यांनी.

मी दारातच बसले. इतकं सोपं होतं. सात पुड्यांतले कंद सुलटे लावायचे आणि चार उलटे.

आता कोणी म्हणेल, बाई, कंद उलटा कोण लावतो? मलाही तसं वाटलं. पण जगात उलट्या लटकून झोपणारी वटवाघळं आहेत. मग एखाद्या फुलाला खाली डोकं वर पाय करून निघायची सवय नसेल कशावरून? शिवाय सासूबाईंनी लिहिलंय. आणि सव्वीस वर्षांत एकदा तरी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तंतोतंत वागायची मला संधी मिळाली होती, तीही त्या बघत नसताना.

थंडी ओसरली होती. हौदातली माती मी उकरली, खडे वेचले, खालून जुनी मुळं काढली. 'सु'वाले सात पुड्यांमधले कुंड्यांत गेले, टोक वर, बूड खाली. 'उ'वाल्यांना मी हौद दिला, सगळ्यात चांगली जागा म्हणून. चारही जणांच्या गाठी बोटांनी चाचपल्या, त्या खाली केल्या, गुळगुळीत पाठ वर, आणि चार बोटं माती ओढली. पाणी घालताना मगातून नाही, ओंजळीतून घातलं.

मग वाट बघणं. मला वाट बघता येत नाही हे मला माहीत होतं, पण किती येत नाही हे तेव्हा कळलं. दात घासायच्या आधी बाल्कनीत. चष्मा लावून मातीकडे, चष्मा काढून मातीकडे. नवरा म्हणाला, "तू अशी बघत राहिलीस तर ते लाजून येणार नाहीत." दहाव्या दिवशी पेढ्यासारख्या कंदांच्या कुंडीत हिरवी सुरी वर आली. संध्याकाळपर्यंत दोन झाल्या. मग बारक्यांनी गवतासारखे केस काढले. थोराडानं मानेतून जाड जीभ बाहेर काढली, कोणाला तरी वेडावून दाखवावी तशी. मी एकटीच बाल्कनीत उभी राहून हसले. माझ्या या जड हातांनी!

हौदात मात्र काही नाही. तीन आठवडे. चार. साडेचार.

"बाल्कनी कशी आहे?" फोनवर सासूबाई.

"आहे," मी म्हटलं. "कपडे वाळत घातलेत."

"इतके कपडे कसे गं तुमचे?" त्या म्हणाल्या. आणि मग नणंदेनं फोन घेतला आणि गुडघ्याविषयी सांगितलं.

पाचव्या आठवड्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं. सरकारी बागेत माळीकाम करून निवृत्त झालेले, हातांच्या रेघांत अजून माती असलेले. त्यांना जवळचं दिसत नव्हतं. मालक जेवायला गेले होते. मी त्यांना अक्षरं वाचायला लावली, भिंगं बदलली, आणि मध्येच राहवेना म्हणून विचारलं, "काका, असे कुठले कंद असतात का हो, की जे उलटे लावतात?"

"उलटे म्हणजे?"

मी वर्णन केलं. चपटा, काळपट, एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला गाठी.

"कॅला लिली आहे ती," ते म्हणाले. डोळ्यांवर माझी जड लोखंडी चाचणीची फ्रेम, त्यामुळे त्यांचे डोळे दोन बशांएवढे दिसत होते. "त्या गाठी म्हणजे डोळे. डोळे वर ठेवायचे. तुम्ही कसे ठेवले?"

मी हातातलं भिंग पुसायला लागले.

"खाली?" त्यांच्या बशा आणखी मोठ्या झाल्या. "चष्म्याच्या दुकानात काम करता आणि डोळे जमिनीत घातले तुम्ही?"

"मेले का ते?"

"छे. त्याला कळतं वर कुठं आहे ते. वळसा घालून येईल. पण आता उकरून सुलटे करायला जाऊ नका हं. कोंब कोवळा असतो, मोडेल. वेळ लागेल, बसा." मग समोरच्या तक्त्याकडे बघून म्हणाले, "हे आता झकास दिसतंय. शेवटची ओळ वाचू का?"

त्यांनी वाचली. सगळी चूक. पण मी त्यांना बरोबर म्हटलं आणि मग भानावर येऊन पुन्हा तपासलं.

रविवारी मी चमचा घेऊन हौदाशी बसले. उकरू नका म्हणाले होते, पण बघू नका म्हणाले नव्हते. पहिल्या कंदाच्या कडेची माती चिमूट चिमूट काढली. आधी काळी पाठ दिसली. मग तिच्या खालून, कडेला धरून, काहीतरी पांढरं. करंगळीएवढं जाड, टोकाला गुलाबी. खालच्या अंगानं निघालेलं, कंदाच्या पोटाखालून सरकत कडेपर्यंत आलेलं, आणि कडेला आल्यावर वर वळलेलं, क्रोशाच्या सुईच्या आकड्यासारखं. त्याला अंधारात कोणी सांगितलं, आता वळ? मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. भात लागल्याचा वास आला तेव्हा उठले.

पण एक कोडं सुटलं की दुसरं उभं. 'उ' म्हणजे उलट नाही. मग काय?

सातव्या आठवड्यात हौदात चार ठिकाणी गुंडाळलेल्या छत्र्यांसारखे कोंब वर आले आणि त्याच रात्री जेवताना माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजला नाही. नणंदेचा फोन होता, तो बोलत होता, आणि मी स्वयंपाकघरातून ऐकलं, "अगं, आईच्या कॉटखालचे कंद हिनं लावले ना, काय मस्त आलेत!"

मी धावत बाहेर आले तोवर फोन बंद झाला होता.

"काय म्हणाली ताई?"

"ताई नाही, आईच बोलली. विचारलं, 'उ पण?' मी म्हटलं, सगळे. तर म्हणाली, येतेय."

"येतेय म्हणजे? राहायला?"

"ते नाही बोलली. ताई घेऊन येणार आहे शनिवारी." मग त्याला काहीतरी आठवलं. "ताई मागून म्हणत होती, पिशव्या घेऊन येतो."

पिशव्या कशाला, हे मला दोन दिवस समजत होतं आणि मी समजून घेत नव्हते.

शनिवारी त्या आल्या. तीन जिने, मध्ये दोन थांबे, हातात काठी. मागून नणंद, दोन कापडी पिशव्या आणि जुन्या वर्तमानपत्रांची चळत घेऊन. सासूबाईंनी दारात चपला काढल्या, पडद्याकडे बघितलं, "हा उजवीकडनं ओढायचा," म्हणाल्या आणि थेट बाल्कनीत गेल्या. कुंड्यांकडे त्यांनी पाहुण्यांकडे बघतात तसं बघितलं, चेहरा ओळखीचा पण बोलायला वेळ नाही असं. आणि हौदापाशी थांबल्या.

"हे 'उ' आहेत ना?"

"हो," मी म्हटलं. "आई, 'उ' म्हणजे काय?"

त्यांनी काठी कठड्याला टेकवली. मातीवर बोट ठेवलं, कोंबाच्या बुडाशी, आणि मग बोट हळूच आत घातलं. मला सव्वीस वर्षांपूर्वीचा वास आला. पण त्यांचं बोट कोरडं बाहेर आलं.

"कोंब बाजूनं आलाय," त्या म्हणाल्या. "उलटा लावलास?"

"तुम्हीच लिहिलं होतंत."

"मी काय लिहिलं होतं?"

"उ. उलट. सु, सुलट. कपाटाच्या दारावर आहे ना तसं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग नणंदेकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. आणि हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, एका हातानं कठडा धरून. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना असं हसताना दोनदाच बघितलंय, आणि दुसऱ्यांदा हे.

"अगं ए शहाणे," त्या म्हणाल्या, डोळे पुसत. "सु म्हणजे सुनेचे."

"माझे?"

"नाहीतर किती सुना आहेत मला? तुझा हात जड. म्हणून जे कशानंही मरत नाहीत ते तुला काढून ठेवले होते."

"आणि उ?"

आता त्या हसायच्या थांबल्या. नणंदच म्हणाली, "उचलायचे. आमच्याकडे न्यायचे होते ते. आईची पांढरी कॅला आहे ना ती, सगळ्यात जुनी. चल आई, मी कागद अंथरते."

म्हणजे ऑपरेशनच्या आधीच. महिन्याभरासाठी म्हणून बॅग भरताना त्या जमिनीवर बसून, दुखऱ्या गुडघ्यानं, वाटणी करून गेल्या होत्या. हे सुनेचे, हे उचलायचे. परत यायचं नव्हतंच त्यांना. आणि मी इकडे सुगंधी की सुमार करत बसले होते.

"मग नेले का नाहीत?" मी विचारलं. आवाज जरा चढला. चढू दे म्हटलं.

"राहिले."

"तुम्ही? तुमची कधी सुई राहिली नाही कुठे."

"गुडघा किती दुखत होता, तुला माहितीये? खोका कॉटखाली सरकला मागे. वाकता येईना. काढून दे म्हणून सांगायचं कोणाला?"

"मला सांगायचं."

"तू विचारलं असतंस, महिन्यासाठी चालला आहात तर हे कशाला?"

"विचारलं असतंच."

"मग तेच," सासूबाई म्हणाल्या आणि हौदाकडे तोंड फिरवलं.

नणंद तोपर्यंत वर्तमानपत्र पसरून, माझा चमचा हातात घेऊन सज्ज झाली होती. ती मनानं वाईट नाही. कामाला वाघ आहे, एवढंच. "कुठून सुरुवात करू?"

"ठेव तो चमचा," सासूबाई म्हणाल्या. "वाढीला लागलेली कॅला उचलत नाहीत. हा बघ कोंब कसा वाकलाय, हात लावलास तर आकड्यापाशी तुटेल."

"मग हौदासकट नेऊ," नणंद वैतागून म्हणाली.

"बाल्कनीसकट ने. तुझ्या भावाला विचार, तो मोजूनच बसलाय."

आत नवऱ्याला ठसका लागला. बाल्कनीच्या चौकटीवर त्यानं पेन्सिलीनं काढलेल्या खुणा सासूबाईंनी आल्या आल्याच बघितल्या होत्या म्हणजे.

"मग कधी उचलायचे?" नणंदेनं विचारलं.

"फुलं येऊन गेली, पानं पिवळी पडली, पाणी बंद केलं, की मग. झोपले की."

"कधी झोपतील?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच असं झालं की बाल्कनीतल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी माझ्याकडे सोडलं.

"उशिरा," मी म्हटलं. "उलटे लावलेत ना. दीड महिना उशिरा उठलेत, मग झोपणारही उशिराच."

"ऐकलंस?" सासूबाई लेकीला म्हणाल्या. "तोवर पाणी कोण घालणार? हिचा हात बघितलायस?" आणि मग इकडे तिकडे बघत, "माझी खुर्ची कुठाय?"

खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांची टोपली होती. मी ती उचलली.

नणंद संध्याकाळी रिकाम्या पिशव्या घेऊन गेली. दारात मला म्हणाली, "गुडघ्याचा व्यायाम चुकवू देऊ नकोस. आणि तिला जिंकू देऊ नकोस, डोक्यावर बसेल." मी म्हटलं, बसलेलीच आहे.

कॅला फुलली ती बाकी सगळी फुलं होऊन गेल्यावर. पुडीच्या कागदासारखी गुंडाळलेली पांढरी, आत पिवळी दांडी. चौघींतल्या तिघींनाच फुलं आली. चौथीनं नुसती पानं काढली. ती कुठली आणि का, यावर आमचं आठवडाभर भांडण चाललं होतं. फुलं उमलली त्या दिवशी सासूबाईंनी माझं बोट फुलाच्या कडेवरून फिरवलं आणि म्हणाल्या, "दाबू नकोस." नवऱ्यानं मशीन न्हाणीघरात बसतं का ते मोजलं. बसतं. दार जरा आखडतं.

मग पानं पिवळी पडली. मी पाणी बंद केलं, कोणी न सांगता. पानं वाळून आडवी झाल्यावर आम्ही दोघींनी कंद काढले, माती झटकली, चार दिवस सावलीत वाळवले. सासूबाई टेबलाशी बसून पुड्या बांधत होत्या. कागद, लोकर, गाठ. मी समोर बसून लोकरीचे तुकडे कापून देत होते आणि त्यांच्या पेन्सिलीकडे बघत नव्हते. बघत नव्हते म्हणजे चष्म्याच्या वरून बघत होते.

त्यांनी पहिल्या पुडीवर लिहिलं, 'उ'.

माझ्या हातातली कात्री थांबली. दुसऱ्या पुडीवर 'उ'. तिसऱ्या, चौथ्या.

"उचलायचे?" मी विचारलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज बारीक आला.

सासूबाईंनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि पुड्या खोक्यात एकीशेजारी एक रचायला लागल्या.

"एवढी वर्षं दुकानात काढलीस," त्या म्हणाल्या, "आणि तुला एक अक्षर वाचता येत नाही. उलट. पुढच्या वर्षी पण उलटेच लावायचे. उशिरा येतात, ते बरं पडतं."

खोका त्यांनी माझ्याकडे सरकवला. "कॉटखाली ठेव. फार मागे ढकलू नकोस."